पाच चुका माफ

कॉलेजच्या ऑफिसात किस्से टाचण्यांसारखे साचतात. मुद्दाम कुणी गोळा करत नाही. एखादी फायलीतून गळते, एखादी टेबलाच्या फटीत जाऊन बसते, आणि निवृत्तीच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करायला हात घातला की सगळ्या एकदम बोटात घुसतात. माझ्या बोटात घुसलेल्यांपैकी निम्म्या तरी एकाच वर्षाच्या निघाल्या. साल एकाहत्तर. त्या वर्षी आमच्या कॉलेजने असं ठरवलं, की कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला लिहिता-वाचता आलं पाहिजे.

हसू नका. तेव्हा हा निर्णय फार धाडसी समजला गेला.

आमचं कॉलेज नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या गोदामात भरायचं. इतिहासाच्या वर्गाला कांद्याचा वास यायचा आणि अर्थशास्त्राच्या वर्गात उंदीर असायचे. मी तिथे हेडक्लार्क. माझ्या हाताखाली दुसरा क्लार्क नव्हता, त्यामुळे मी ‘हेड’ कशाचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे मला भाऊसाहेब म्हणत.

त्या मे महिन्यात आमचे प्राचार्य पुण्याला कसल्याशा परिषदेला गेले. तिथे कुणीतरी भाषणात म्हणालं, की मॅट्रिक झालेल्या मुलांना हल्ली धड एक पान वाचता येत नाही. बाकीचे प्राचार्य टाळ्या वाजवून जेवायला गेले. आमचे प्राचार्य ते मनावर घेऊन परत आले!

जूनमध्ये नियम निघाला. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं, सांगितलेल्या दहा ओळी लिहायच्या आणि एक अर्ज स्वतःच्या मनाने लिहायचा. वाचनात पाच चुका माफ. सहावी झाली की नापास. एकूण तीन संधी. तिन्ही हुकल्या तर परीक्षेचा फॉर्म विद्यापीठाकडे जाणार नाही. म्हणजे वर्ष बुडालं.

परीक्षक होते मराठीचे वैद्य सर. मूळचे पुण्याचे, काळं जाकीट, काळी टोपी आणि पांढरीशुभ्र भाषा. देखरेखीला प्राचार्य. रजिस्टर माझ्याकडे. वैद्य सर चुका चिंचोक्यांनी मोजत. टेबलावर दोन वाट्या. चूक झाली की डाव्या वाटीतला एक चिंचोका उजव्या वाटीत. टप्प! वाचणाऱ्याला तेवढाच आवाज ऐकू यायचा. सहा टप्प झाले की नापास; पण पान मात्र शेवटपर्यंत वाचायचंच.

पोरांनी या प्रकाराला नाव ठेवलं : झडती.

*

झडतीचा पहिला दिवस. अकरा वाजता प्राचार्य, वैद्य सर, मी आणि चिंचोके, असे सगळे तयार बसलो. साडेअकरा झाले. बारा झाले. एकही मुलगा आला नाही.

प्राचार्यांनी शिपायाला हाक मारली. आमचा शिपाई दगडू, पन्नाशीचा, कॉलेजच्याही आधीपासून त्या गोदामात नोकरीला. आम्ही त्याला गोदामाबरोबरच ताब्यात घेतला होता.

"दगडू, मुलं कुठं आहेत?"

"वर्गात बसल्यात की."

"नोटीस लावली नव्हतीस?"

"लावली ना. आठ दिस झालं."

"मग?"

दगडूने टोपी सारखी केली. "सायेब, ती आदी वाचाया नको का?"

प्राचार्य माझ्याकडे वळले. मी विचारलं, "सर, न आलेले सगळे वाचनात नापास धरू का?"

शेवटी दगडू घंटा घेऊन वर्गावर्गातून ओरडत फिरला, "वाचायची परीक्षा हाय, चला वाचायला!" दगडूला सहीपुरतंच लिहिता यायचं. पण त्या वर्षीची सर्वांत परिणामकारक नोटीस त्याचीच.

*

अर्जाचा विषय वैद्य सरांनी दिला होता : ‘वसतिगृहात पिण्याच्या पाण्याची सोय करणेबाबत.’

शाळेत आमच्या मुलांना अर्ज एकच शिकवलेला असतो. आजारी असल्यामुळे दोन दिवस रजा मिळावी. चौसष्ट मुलांच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांनी तो एकच अर्ज लिहिला. काही हुशार मुलांनी विषयाची सांगड घातली होती : ‘मी तापाने आजारी असल्यामुळे वसतिगृहात पाण्याची सोय दोन दिवस करावी ही विनंती.’

वैद्य सर डोकं धरून घरी गेले. मी गठ्ठा बांधून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांनी नजर टाकावी म्हणून. प्राचार्यांना त्या दिवशी घाई होती. समोर गठ्ठा दिसला की सही करायची, ही त्यांची जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाचा वर्ग रिकामा! तिसऱ्या दिवशीही!

चौथ्या दिवशी प्राचार्यांनी वर्गाच्या प्रतिनिधीला बोलावून फैलावर घेतलं. त्याने शांतपणे आपला अर्ज पुढे केला. खाली प्राचार्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं : ‘मंजूर.’

"चौसष्ट अर्जांवर मी सह्या केल्या?" प्राचार्यांनी मला विचारलं.

"त्रेसष्ट, सर. एकानं रजा मागितलीच नव्हती. तो मुलगा दोन्ही दिवस वर्गात एकटा बसला होता."

*

मिरजगावचा एक मुलगा होता. त्याचं वाचन म्हणजे तोफेचे गोळे. एक ओळ धडाडधूम, एका दमात, एकही चूक नाही. मग थांबायचा. नजर खिडकीबाहेर. मग दुसरी ओळ धडाडधूम. पुन्हा थांबायचा.

वैद्य सरांनी विचारलं, "मध्ये मध्ये थांबतोस का रे?"

"सवय हाय, सर."

"कसली सवय?"

"आमचं घर हायवेला हाय. म्या वाचायला ट्रकावरच शिकलो. ट्रक थांबत न्हाई, म्हनून पटकन वाचावं लागतं."

"बरं. पण मग थांबतोस कशाला?"

"दुसरा ट्रक यायला नको का?"

पास! वैद्य सरांनी रजिस्टरात शेरा लिहिला : ‘वाचन वेगवान. वाहतूक विरळ.’ वैद्य सरांना विनोद करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तो माझ्याशिवाय कुणाला वाचू दिला नाही.

*

आता गहिनीनाथ रणसिंग.

हा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा. तिकडे पाऊस पत्ता विसरल्यासारखा वागतो. दसरा झाला की अर्धं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. गहिनीनाथच्या घरात कॉलेज पाहिलेला तो पहिलाच. लेखनात तो पहिल्याच झडतीत पास झाला. अर्जही त्याने नीट लिहिला. रजा न मागणारा जो चौसष्टावा, तो हाच.

वाचायला उभा राहिला, तर काय खणखणीत आवाज! विराम जागच्या जागी, अर्थ समजून वाचणारा. प्राचार्य मान डोलवू लागले. आणि टप्प, टप्प, टप्प!

गहिनीनाथला ण म्हणता येत नव्हता. त्याच्या डोळ्यांना दिसायचा, हाताला लिहिता यायचा, पण जिभेवर आला की त्याचा न व्हायचा. आणि उतारा होता पाण्यावरचा. पाणी, आणणे, झिरपणे, साठवण. पान अर्धं व्हायच्या आत डावी वाटी रिकामी झाली.

"रणसिंग," वैद्य सर म्हणाले, "हे पानी नाही. पाणी."

"व्हय सर. पानी."

"पाणी! ण! तुझ्या आडनावातसुद्धा ण आहे, मुला!"

गहिनीनाथ ओशाळला. म्हणाला, "सर, आमच्याकडं पानी बी न्हाई अन् ते तुमचं अक्षर बी न्हाई. दोन्ही तुमच्याकडंच ऱ्हायलं."

प्राचार्य हसले. वैद्य सर हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. चुका तेवीस. नापास.

*

लेखनाच्या परीक्षेत वैद्य सर दहा ओळी सांगायचे आणि मुलांनी त्या उतरवायच्या. राळेगणकडचा एक मुलगा फार प्रामाणिक. त्याची वही मी स्वतः पाहिली आहे. त्यात होतं :

‘भारत हा स्वल्पविराम शेतीप्रधान देश आहे पूर्णविराम झालं का परत सांगतो भारत हा मागे बोलू नका शेतीप्रधान देश आहे दगडू ते दार लाव रे किती धुळ.’

वैद्य सर संतापले. मी नियमांचं रजिस्टर उघडून पुढे ठेवलं. त्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘विद्यार्थ्याने परीक्षक सांगतील ते सर्व अचूक लिहावे.’

"सर, यानं खरोखर सगळं लिहिलंय."

वैद्य सरांनी ती ओळ दोनदा वाचली. नियमाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मग त्यांनी वही पुन्हा एकदा तपासली आणि एक चूक काढली. मुलाने ‘धूळ’मधला धू ऱ्हस्व लिहिला होता.

एक चूक. पास!

*

राजूरकडच्या मुलाचे वडील गावोगाव पोथी वाचायचे. त्यामुळे पोराला साधं वाचणं ठाऊकच नव्हतं. चाल लावल्याशिवाय त्याला ओळ दिसायची नाही. वैद्य सरांनी समोर ठेवलेला उतारा होता कंपोस्ट खताचा. पोराने मांडी घातली. पुस्तकाला नमस्कार केला. आणि सुरू झाला,

"खड्डा असावा दहा फूट लांऽऽब, सहा फूट रुंऽऽद, त्यामाजी टाकावे शेऽऽण..."

चूक एकही नाही. मध्ये थांबवलं तर मात्र चाल तुटायची आणि तो पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून सुरुवात करायचा. तीनदा खड्डा खणून झाल्यावर प्राचार्यांनी हात जोडले आणि त्याला शेवटपर्यंत जाऊ दिलं.

शेवटची ओळ संपली, मुलाने पुस्तक कपाळाला लावलं. बघतो तर दारात दगडू, चपला बाहेर काढून, डोळे मिटून उभा. डोळे उघडून त्याने विचारलं,

"म्हाराज, पुढचा अध्याय उद्या किती वाजता?"

*

गहिनीनाथची दुसरी संधी गणपतीनंतर आली. मधला महिनाभर वसतिगृहाच्या मुलांनी त्याला ण शिकवला होता. जीभ वर वळव, टाळूला लाव, ढकल. आंघोळीच्या हौदापाशी, जेवणाच्या रांगेत, झोपायच्या आधी, सारखं ण ण ण. वसतिगृहावरून जाणाऱ्यांना वाटायचं, आत मोटार चालू होत नाहीये.

आणि ण आला! वाचायला उभा राहिला, छाती भरून म्हणाला,

"णमस्कार सर. मी गहिणीणाथ रणसिंग."

टप्प.

वैद्य सर म्हणाले, "अरे, न! न कुठे गेला?"

त्या दिवशी त्याने देशाला ‘णवी दिशा’ दिली, ‘णदीला पूर’ आणला आणि ‘माणवाची’ प्रगती केली. चुका एकेचाळीस. चिंचोके पुरले नाहीत; मी शेजारच्या घरून मूठभर मागवले.

"एक बैल धरला का दुसरा सुटतो, सर," गहिनीनाथ म्हणाला. कपाळावर घाम होता. या वेळी प्राचार्यही हसले नाहीत. एकच संधी उरली होती.

*

त्याच फेरीत एका महाभागाने उतारा सुंदर वाचला. खाली न बघता वाचला. वैद्य सरांनी हळूच त्याच्या पुस्तकाचं पान उलटलं. तो तोच उतारा वाचत राहिला. पुस्तक मिटलं. तरी वाचत राहिला. पुस्तक काढून घेतलं. तेव्हा मात्र थांबला आणि म्हणाला, "सर, आता कसं वाचू?"

पोरांनी वाचनाचं पुस्तकच पाठ केलं होतं! प्राचार्यांनी हुकूम काढला : यापुढे उतारा पुस्तकातला नको. वैद्य सरांनी ताजा लिहायचा, भाऊसाहेबांनी त्याच सकाळी टाइप करायचा.

*

तिसरी संधी दसऱ्यानंतरच्या बुधवारी. उरला होता एकटा गहिनीनाथ. सोमवारी त्याचे वडील ऑफिसात आले. डोक्याला मुंडासं, हातात काठी, दारातच बसले.

"रामराम, भाऊसाहेब. आमच्या गैनीचं काय झालं?"

"लेखनात पास आहे. वाचनात दोनदा राहिला."

"आसं कसं? समद्या वस्तीची पत्रं त्योच वाचतो. मानसं रडत्यात ऐकून."

"त्याला ण येत नाही."

"काय येत न्हाई?"

"ण. अक्षर आहे. बाणातला ण."

"बान व्हय?"

"बाण."

"त्येच म्हनतो की म्या. बान."

म्हाताऱ्याने विचार केला. "बरं, भाऊसाहेब, ह्यो भेटतो कुटं? म्या उद्या नगरला चाललोच हाय."

मला हसू आलं, पण त्याला आलं नव्हतं. काठी आडवी ठेवून तो म्हणाला, "खरं सांगतो. बेस्तरवारी टोळी निघती. ट्रक दारात येतो. मुकादम म्हनतो, पोरगं येनार आसंल तर अर्धा कोयता धरतो, न्हाई तर दुसरा गडी बगतो."

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा.

"तुमचा तो फारम जानार आसंल तर गैनी हितं ऱ्हाऊ द्या. आमी कसं बी करू. पर जानार नसंल तर वरीसभर हितं बसून त्यानं काय करायचं? त्यापरीस ऊस तोडंल. मंग तुमी मला बुधवारी काय ते सांगा. वळकटी न्यायला येतो."

वैद्य सर कोपऱ्यात हजेरीपुस्तकावर सही करत होते. वळून म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमीच का ते चिंचोकेवाले सर?"

"हो."

"गैनी सांगत व्हता. म्हनतो, सर लई चांगले हाईत. येक बी चिंचोका चुकत न्हाईत."

वैद्य सर सही अर्धी टाकून वर्गावर गेले. त्या दिवशीची त्यांची सही हजेरीपुस्तकात ‘वै’ एवढीच आहे.

*

बुधवारी सकाळी दहा वाजता वैद्य सरांनी उतारा आणून दिला. गावाच्या विहिरीवर होता. मी मशीनला कागद लावला. मराठी टाइपरायटरवर ण अर्धाच असतो. तो मारायचा आणि पुढे काना जोडायचा, की झाला पूर्ण. मी ‘पाणी’ मारलं, तर ‘पा’च्या पुढे कोरी जागा, मग काना, मग वेलांटी. पुन्हा मारलं. तेच. झाकण काढून पाहिलं. दांडी होती, दांडीच्या टोकाला ण नव्हता!

बटणावर ण होता, पण त्या बटणात आता ण नव्हता.

"सर, मशीनचा ण पडलाय," मी म्हटलं.

"शोधा."

शोधला. टेबलाखाली, मशीनच्या पोटात, केराच्या टोपलीत. नाही.

"काल संध्याकाळपर्यंत होता, सर. काल मी ‘रणसिंग’ टाइप केलंय."

वैद्य सरांनी घड्याळ पाहिलं. "मग न मारा."

कुणी ‘आणि’ऐवजी ‘आनि’ लिहिलं तर हा माणूस दिवसभर चहा घेत नसे.

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"मागून पेनने दुरुस्त करतो."

"नको. खाडाखोड केलेला कागद परीक्षेत ठेवायचा नाही. नियम आहे."

असा नियम मला आठवत नव्हता. पण नियम वैद्य सरांनी केलेले, ते मी कोण शोधणार? मी बावीस ठिकाणी न मारला.

अकरा वाजता गहिनीनाथ आला. धुतलेला सदरा. ओठ हलत होते. बाहेर व्हरांड्यात त्याची बांधलेली वळकटी आणि वळकटीवर बसलेले वडील, दारातून मला स्पष्ट दिसत होते. प्राचार्य खुर्चीत. चिंचोके वाटीत.

गहिनीनाथने कागद घेतला. बघत राहिला. वाचेना.

"वाच," वैद्य सर म्हणाले.

"सर, हितं... हितं पानीच हाय."

"समोर आहे ते वाच."

"पर सर, तुमी तर म्हनला व्हता..."

"रणसिंग, मी काय म्हणालो ते विसर. डोक्यातलं वाचू नको, कागदावरचं वाच."

गहिनीनाथने श्वास घेतला. "‘गावाला पानी कुठून आनायचे, हा प्रश्न जुना आहे...’"

प्राचार्य दचकले. त्यांनी वाट्यांकडे पाहिलं. चिंचोका हलला नव्हता.

"‘...विहीर खनताना पाषान लागला, तरी कोनी मागे हटले नाही...’"

"वैद्य!" प्राचार्य पुढे झुकले. "पानी म्हणाला तो! पाषान म्हणाला! मोजा की!"

वैद्य सरांनी त्यांच्यासमोर कागदाची दुसरी प्रत ठेवली. प्राचार्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"अहो, पण हे अशुद्ध आहे!"

"टंकलेखन अशुद्ध आहे, सर. वाचन शुद्ध आहे. ‘समोर दिलेला मजकूर अचूक वाचणे.’ नियम आपणच मंजूर केलाय."

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. मी छपराच्या पत्र्याकडे बघायला लागलो.

गहिनीनाथ वाचत होता. आता त्याचा आवाज मोकळा झाला होता. विहीर खणून झाली, पाणी लागलं, बायका कळशा घेऊन आल्या. दगडू दारात उभा राहून ऐकत होता. शेवटच्या ओळीत मात्र महिनाभराची मेहनत उसळली आणि पोरगं म्हणालं, "‘...आणि गावाला णवीन आयुष्य मिळाले.’"

‘आणि’सुद्धा त्याने ण घालूनच म्हटलं होतं. कागदावर ‘आनि’ होतं.

टप्प. टप्प.

वैद्य सरांनी कागद खाली ठेवला. "दोन चुका. दोन्ही ठिकाणी विनाकारण ण." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाच माफ आहेत. पास लिहा, भाऊसाहेब."

मी लिहिलं. व्हरांड्यात गेलो तेव्हा म्हातारा उठून उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. पोराचं तोंड बघून त्याने वळकटी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"घे. म्या निघतो. मुकादमाला सांगतो, दुसरा अर्धा बग."

गुरुवारी सकाळी चौसष्ट फॉर्म विद्यापीठाकडे गेले. मी नगरच्या मेकॅनिकला कार्ड टाकलं : मराठी मशीनचा ण हरवला आहे, नवीन ण घेऊन यावे.

सोमवारी वैद्य सर नेहमीप्रमाणे हजेरीपुस्तकावर सही करायला आले. सही करण्याआधी त्यांनी जाकिटाच्या खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मी उघडली. आत धातूचा इवलासा तुकडा. त्यावर उलटा कोरलेला ण.

"तुमचा ण. मेकॅनिकला येऊ नको म्हणून कळवा."

"कुठं सापडला, सर?"

वैद्य सर सही करत होते. या वेळी पूर्ण केली, खाली रेघ ओढली. मान वर न करता म्हणाले,

"जिन्यात."

आमच्या कॉलेजला जिनाच नव्हता.